नंबर कुठून मिळाला?

चकलीचा घाणा कढईत होता आणि काकूंचा फोन ओट्यावर थरथरत सरकायला लागला होता. झारा उजव्या हातात तसाच ठेवून त्यांनी डाव्या करंगळीने फोन घेतला. "नमस्कार, आपल्या मुलीच्या स्थळासंदर्भात..." पलीकडचा माणूस एवढंच बोलला. काकूंनी फोन बंद केला, चकल्या उलटल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मुलीला दोन पोरं आहेत. थोरला यंदा चौथीत गेला."

डोंबिवली पूर्व, फडके रोडपासून पायी दहा मिनिटं. चार मजली इमारत, लिफ्ट नाही. काकू बरीच वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. परदेशी जाणारा माल आधी निघतो, त्यामुळे नवरात्र बसायच्या आतच त्यांच्या घरात भाजणीचा वास सुटलेला असतो. फोन हेच त्यांचं दुकान. तो बंद ठेवला तर ऑर्डर गेली, चालू ठेवला तर दिवसभर कर्जवाले, प्लॉटवाले, विमावाले आणि हे स्थळवाले.

"स्थळवाल्यांचं एक वेळ ठीक आहे गं," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी एक जण रात्री साडेअकराला फोन करायचा. बोलायचा काही नाही. एकदा म्हणाला, तुमच्या बिल्डिंगखाली उभा आहे. खोटंच असणार. पण मी तीन महिने खिडकीचे पडदे लावून झोपले." मग गॅस बारीक करत त्यांनी ज्याच्यासाठी मी आले होते ते वाक्य उच्चारलं. "प्रत्येकाला विचारते, बाबा, नंबर कुठून मिळाला? एक जण सरळ सांगेल तर शपथ. 'सिस्टिममध्ये आहे' म्हणतात."

दिवाळी अंकाचा विषय 'पत्ता' असल्याचं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वाडे, गल्ल्या, पोस्टमन असं काही असावं. मला काकू आठवल्या. घाणा उतरल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. काकूंचा नंबर अवतरणचिन्हांत घालून शोधला: एकदा सलग दहा आकडे, एकदा पाच-पाच तोडून, एकदा पुढे ९१ लावून, एकदा शून्य लावून. चार वेळा चार वेगळी उत्तरं आली. एकदाच शोधून "काही नाही सापडलं" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पहिली सापडली ती ज्ञातिमंडळाची २०१२ची वधू-वर सूची. मुलीचं नाव, जन्मवेळ, रास, उंची, पगार, संपर्क म्हणून आईचा नंबर आणि मजल्यासकट घराचा पत्ता. मग एका प्रदर्शनातल्या स्टॉलधारकांची यादी. मग नकाशावरची खूण, नेमकी त्यांच्या इमारतीवर टेकलेली, खाली नंबर. ती भाच्याने हौसेने लावून दिली होती. आणि शेवटी फेसबुकवरच्या जाहिरातीतला 'व्हॉट्सॲपवर बोला' हा दुवा. तो दिसायला नुसतं बटण, पण त्याच्या पोटात दहाच्या दहा आकडे उघडे असतात. जून २०२० मध्ये असे लाखो दुवे गूगलच्या शोधात येत असल्याचं उघड झालं होतं. त्यांत पुष्कळ आकडे भारतातले होते.

काकू बराच वेळ सूचीच्या पानाकडे बघत होत्या. "हा फॉर्म मीच भरला होता," त्या म्हणाल्या. "माझ्याच अक्षरात."

शेजारच्यांचा फोन

आमच्या लहानपणी, गिरगावात, मजल्यावर एकच फोन होता. तो आमचा नव्हता. तरी वडिलांच्या व्हिजिटिंग कार्डावर नंबर छापलेला होता आणि पुढे कंसात 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजारच्यांकडे, ते बोलावून देतील. बोलावून देण्याआधी शेजारच्या आजी "कोण बोलतंय? काय काम आहे?" विचारायच्या. समाधान झालं तरच हाक. नाही झालं तर "ते घरी नाहीत." वडील समोर कॅरम खेळत असले तरी.

टेलिफोन डिरेक्टरीत मात्र सगळंच उघडं होतं. नाव, पत्ता, नंबर. दरवर्षी नवं जाडजूड पुस्तक यायचं आणि जुनं रद्दीत जायचं. आज कुणी लाखो लोकांची अशी यादी छापून घरोघर वाटली तर गहजब होईल. तेव्हा कुणाला काही वाटत नसे. लोक भोळे होते म्हणून, असं एक उत्तर सहज सुचतं आणि ते मला पटत नाही. ते पुस्तक एकाच दिशेने चालायचं. आडनाव माहीत असेल तर नंबर मिळे. नंबरावरून माणूस काढायचा तर सगळं पुस्तक ओळ न् ओळ वाचावं लागे. ठाण्याचं पुस्तक नागपुरात नसे. आणि दोन वर्षांनी त्यातलं पुष्कळ शिळं झालेलं असे.

जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी १८७८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात निघाली, ती एक पुठ्ठा होती. त्यावर ५० नावं होती आणि नंबर एकही नव्हता. नाव सांगायचं, एक्स्चेंजमधला माणूस जोडून द्यायचा. म्हणजे सगळं गावच पी.पी.

त्याच अमेरिकेत १९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका माणसाच्या गुन्ह्यांची नोंद गावोगावच्या न्यायालयांत कागदोपत्री उघडीच आहे, मग सरकारने संगणकात एकत्र केलेली तीच नोंद पत्रकारांना का देऊ नये? न्यायालयाने नाही म्हटलं. दहा कचेऱ्यांत हिंडून मिळणारी माहिती आणि एका कळीसरशी समोर येणारी माहिती, दोन्ही कागदावर सारख्या असल्या तरी माणसाच्या खासगीपणाच्या दृष्टीने सारख्या नाहीत, असा त्या निकालाचा आशय. तोवर इंटरनेट घराघरांत पोचलंही नव्हतं.

काकूंच्या टेबलावर बसून मला तेच दिसत होतं. त्यांचा पत्ता कधीच गुपित नव्हता. तो शोधायला कष्ट पडायचे, एवढंच त्याचं कुलूप होतं.

चिटणीसांची पीडीएफ

ज्ञातिमंडळाचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत, पहिल्या मजल्यावर. मंडळाचं नाव देत नाही, कारण त्याच्या जागी दुसरं कुठलंही मंडळ चाललं असतं. दारावर खास पुणेरी पाटी: 'वधू-वर सूची कार्यालयाबाहेर नेऊ नये.' आत कपाटात सूच्यांचे बांधीव खंड, आणि टेबलाशी बँकेतून निवृत्त झालेले चिटणीस.

"सर, ही सूची बाहेर न्यायची नाही, आणि तीच संकेतस्थळावर आहे," मी म्हटलं.

त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. २०१२ साली एका सभासदाच्या मुलाने संकेतस्थळ करून दिलं, परगावच्या लोकांची सोय व्हावी म्हणून सूचीची पीडीएफ चढवली, मुलगा पुढे कॅनडाला गेला. मुख्य पानावरून दुवा केव्हाच काढला होता. पण फाइल सर्व्हरवर होती तिथेच होती. गूगलचा यंत्र-वाटसरू एकदा त्या दाराने आत जाऊन आला की पाटी उतरवली तरी त्याला रस्ता ठाऊक असतो.

इथे मराठी छपाईचा एक छोटा इतिहास आडवा येतो. त्या काळातल्या बहुतेक सूच्या श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत जुळवलेल्या. पडद्यावर 'देशपांडे' दिसायचं, पण फाइलच्या आत भलत्याच खुणांची रांग असायची. त्यामुळे नाव टाकून शोधलं तर काही मिळत नसे. अपघाताने मिळालेलं संरक्षणच ते. फक्त फोन नंबर इंग्रजी आकड्यांत असायचे आणि ते अचूक सापडायचे. म्हणजे डिरेक्टरीची दिशा बरोब्बर उलटी झाली: नावावरून नंबर नाही, नंबरावरून घर. पुढे युनिकोड आलं, नावंही शोधात येऊ लागली. आता स्कॅन केलेल्या चित्रातली अक्षरंसुद्धा यंत्र वाचतं, त्यामुळे 'आम्ही फक्त फोटो टाकलाय' या म्हणण्याला अर्थ उरलेला नाही.

चिटणीसांनी त्यांच्या भाचीला बोलावलं. ती संगणकाचं शिकते. तिने पहिल्यांदा फाइल सर्व्हरवरून पुसली. मग गूगलच्या 'जुनी झालेली माहिती काढा' या सोयीत तो दुवा घातला, कारण मूळ फाइल गेली तरी शोधाच्या निकालात तिच्या ओळी काही काळ तशाच दिसत राहतात. शोधयंत्राने कुठे जाऊ नये हे सांगणारी एक फाइल प्रत्येक संकेतस्थळावर ठेवता येते. संस्थेच्या त्या फाइलमध्ये कुणीतरी पूर्वी वधू-वर विभागाचा मार्ग लिहून ठेवला होता, 'इकडे येऊ नये' म्हणून. ती फाइल जगात कुणालाही वाचता येते. माळ्यावर आंबे आहेत, कुणी चढू नये, अशी पाटी दारावर लावण्यातलाच प्रकार.

"मग करायचं काय?" चिटणीस म्हणाले. "स्थळं तर जुळवायची आहेत. नंबर नको, पत्ता नको, मग लोक भेटणार कसे?"

भाचीने सुचवलेला उपाय त्यांना पटला. सूचीत फक्त नोंदणी क्रमांक, शिक्षण, गाव. ज्याला रस असेल त्याने कार्यालयाला कळवायचं. कार्यालय दुसऱ्या बाजूला फोन करून विचारणार आणि होकार आला तरच नंबर देणार. चिटणीस हसले. "म्हणजे पी.पी. की हो."

टॅक्सीची आणि जेवण घरपोच देणारी ॲप्ससुद्धा हेच करतात. ड्रायव्हरला आपला नंबर दिसत नाही, मधला एक नंबर दिसतो. तो त्या फेरीपुरता दोघांना जोडतो आणि नंतर निरुपयोगी होतो. शेजारच्या आजींची जागा यंत्राने घेतली, इतकंच.

उघडी राहिलीच पाहिजेत अशी पुस्तकं

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळंच झाकून टाकावं. त्यांनी एखाद्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर तासभर उभं राहावं. टपऱ्यांवर मुद्रांक, टायपिंग, झेरॉक्स. मी गेले तेव्हा एक तरुण जोडपं एजंटाच्या लॅपटॉपवर एका फ्लॅटची सूची क्रमांक २ बघत होतं. सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. कुणी कुणाला विकला, केवढ्याला, विकणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं, वयं, पत्ते. आधी एकदा विकलेला फ्लॅट पुन्हा गळ्यात मारला जाऊ नये म्हणून ती माहिती त्यांना हवी होती आणि ती मिळायलाच हवी. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार ही सूची कुणालाही पाहता येते. सातबाऱ्याचंही तेच. शेत कुणाचं आणि त्यावर बोजा किती हे झाकलं तर फसवणारे मोकाट सुटतील. (गंमत म्हणजे महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दुसऱ्याचा सातबारा बघायला स्वतःचा मोबाइल नंबर भरावा लागतो.)

पण उघडं ठेवण्याच्याही पायऱ्या असतात. मतदार यादी घ्या. ती उघडी असल्याशिवाय बोगस नावं कशी पकडणार? २०१८ साली काँग्रेस नेते कमलनाथ यांनी सर्वोच्च न्यायालयात मागणी केली की मध्य प्रदेशची मसुदा यादी यंत्राने शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात द्यावी. निवडणूक आयोग ती चित्ररूप पीडीएफमध्ये देत होता आणि त्याचं कारण मतदारांचा खासगीपणा हे सांगत होता. न्यायालयाने मागणी फेटाळली. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे असं मला वाटतं. आयोगाने मुद्दाम ठेवलेला त्रास पुरेसा आहे का, हा वेगळा प्रश्न, कारण चित्रं वाचणारी यंत्रं आता कुणाकडेही आहेत. पण त्रास ठेवणं हे एक धोरण असू शकतं, हे तिथे स्पष्ट दिसलं.

केरळातलं उदाहरण याहून बोचरं आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. भिंतीवरचा तो कागद किती जण वाचणार? केरळने नोटिसा संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. त्यांत फोटो, नाव, पत्ता. आंतरधर्मीय जोडप्यांच्या नोटिसा वेचून काढून समाजमाध्यमांवर फिरवल्या जाऊ लागल्या. २०२० साली राज्याने त्या संकेतस्थळावर टाकणं थांबवलं. कायदा तोच राहिला, भिंतही तीच.

पत्ता हाती लागण्याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, त्याचं एक टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. १९८९ साली रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्या दारात खून झाला. मारेकऱ्याने खासगी गुप्तहेराकरवी वाहन नोंदणी खात्यातून तिचा पत्ता मिळवला होता. पाच वर्षांनी अमेरिकेने वाहनचालकांची माहिती झाकणारा कायदा केला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१९ मध्ये वाहन नोंदणीची घाऊक माहिती पैसे घेऊन देण्याचं धोरण आणलं आणि २०२० मध्ये गैरवापराच्या भीतीने रद्द केलं.

दुसऱ्याच्या फोनमधली मी

काकूंचं नाव ट्रूकॉलरवर कसं दिसतं ते बघायला मी माझ्या एका मित्राला फोन केला. त्याच्याकडे ते ॲप आहे. नाव आलं: 'चकली काकू डों. ई.' काकूंनी आयुष्यात ते ॲप उतरवलेलं नाही.

आपण कितीही जपलं तरी आपला नंबर शेकडो लोकांच्या फोनमध्ये आहे, आणि तिथे आपण कुणाच्या तरी 'दूधवाला', 'शिल्पा एलआयसी' किंवा 'ब्रोकर उचलू नये' असतो. २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये निघालेल्या ट्रूकॉलरची सगळ्यात मोठी बाजारपेठ भारत आहे. त्यावरून आपलं नाव काढता येतं. खातं असेल तर आधी ते बंद करायचं, मग त्यांच्या संकेतस्थळावर ९१ सकट नंबर घालून यादीतून वगळा असं सांगायचं. एका दिवसाचं काम. पुन्हा खातं उघडलं की नाव परत येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

२०२४च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली की फोन करणाऱ्याचं नाव मोबाइल कंपन्यांनीच दाखवावं, सिम घेताना अर्जात दिलेलं. फसवणूक रोखायला याचा उपयोग आहे, यात शंका नाही. पण चौकशीसाठी एका अनोळखी दुकानाला फोन करणाऱ्या मुलीचं पूर्ण नाव त्या दुकानदाराच्या पडद्यावर उमटणार, हेही खरं. सिम वडिलांच्या नावावर असलं तर वडिलांचं.

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळीच. नंबर टाकला की तो माणूस तिथे आहे की नाही ते कळतं. ही सोय वापरून व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरचे संभाव्य नंबर एकामागून एक तपासले. त्यांना तब्बल ३५० कोटी खाती सापडली आणि पुष्कळांचे फोटोही दिसले. त्यांनी हे कंपनीला कळवलं, कंपनीने तपासणीच्या वेगाला आळा घातला आणि २०२५ मध्ये ते जाहीर झालं. कुलूप कुणी फोडलंच नव्हतं. दाराची कडी प्रत्येक घरी वाजवून बघितली, एवढंच. म्हणून प्रोफाइल फोटो 'फक्त ओळखीच्यांना' हा पर्याय, आणि 'मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं' हा दुसरा, या दोन ठिकाणी पाच मिनिटं खर्च करावीत.

गूगलच्या दारात

मारिओ कोस्तेहा गोन्सालेस या स्पॅनिश माणसाच्या घराच्या लिलावाची नोटीस १९९८ साली एका वृत्तपत्रात छापून आली. देणं फिटलं, वर्षं गेली, पण नाव शोधलं की नोटीसच वर. त्याने दाद मागितली आणि १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने गूगलला तो दुवा त्याच्या नावापुढून काढायला लावला. वृत्तपत्रातली नोटीस मात्र जागेवर राहिली. विसरलं जाण्याचा हक्क मिळवणारा हा माणूस त्याच खटल्यामुळे जगाच्या स्मरणात राहिला. मी तरी इथे आणखी काय करते आहे?

आपल्याकडे असा थेट हक्क युरोपइतका पक्का झालेला नाही, पण फोन नंबर आणि पत्त्यापुरता एक रस्ता आहे. एप्रिल २०२२ पासून गूगल कुणाही माणसाचा फोन, ईमेल, घरचा पत्ता शोधाच्या निकालातून काढण्याच्या विनंत्या घेतं. पूर्वी त्यासाठी धमकी वगैरे दाखवावी लागे. अर्जात दुवे द्यायचे, कोणता मजकूर ते सांगायचं, पडद्याचा फोटो जोडायचा. सरकारी संकेतस्थळावरची सार्वजनिक नोंद असेल तर नकार येतो. आणि गूगलने काढलं म्हणजे पान गेलं असं होत नाही. दुसऱ्या शोधयंत्रात ते असतंच. त्यामुळे आधी पानाच्या मालकाकडे जावं, तो ऐकेना तर गूगलकडे.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती पुसायला लावण्याचा हक्क त्यात आहे, सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंडही आहे. पण कलम ३ मध्ये एक छोटं वाक्य आहे ते कुणी मोठ्याने वाचत नाही: माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. काकूंनी फेसबुकवर लिहिलेला नंबर त्यांनीच जाहीर केलेला. याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि व्यक्तिगत माहिती नाकारणं अधिकाऱ्यांना सोपं करून ठेवलं. काकूंच्या नंबराला जे छत्र मिळत नाही ते कंत्राटदाराच्या नावाला मिळू शकेल, हा उलटा न्याय मला मान्य नाही.

काउंटरवर

पुण्याहून परतताना एका मोठ्या दुकानात मोजे घेतले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, नंबर सांगा." मी म्हटलं, नाही देणार. "मॅम, त्याशिवाय बिल बनत नाही." बनतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांच्या संघटनांना सांगितलं आहे की मोबाइल नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नये. मी ते सांगितल्यावर मुलीने निमूट दहा वेळा नऊ दाबला आणि बिल काढलं. माझ्या मागच्या बाईंनी मात्र आपला नंबर इतक्या खणखणीत आवाजात सांगितला की तो मला अजून पाठ आहे.

सोसायटीच्या फाटकावरच्या वहीतही तेच. आधीच्या पाहुण्याचं नाव, नंबर, कुणाकडे, किती वाजता आला, हे सगळं वाचत आपण आपली ओळ भरतो. एका रखवालदाराला मी विचारलं, भरलेल्या वह्यांचं काय करता? "रद्दीत," तो म्हणाला.

डोंबिवलीला परत

काकूंनी दुसरं सिम घेतलंय, फक्त धंद्यासाठी. जुना नंबर मात्र त्यांनी सोडू नये असं मी सांगितलं. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जायला लागतो. नकाशावरच्या खुणेतला पत्ता झाकला, नुसता 'डोंबिवली परिसरात सेवा' असा ठेवला. गूगल ती सोय देतं. प्रदर्शनाच्या आयोजकांनी दोन फोननंतर यादी उतरवली. चिटणीसांची पीडीएफ गेली, पंधरा दिवसांनी शोधातूनही गेली. त्या सूचीतल्या बाकीच्या कुटुंबांना हे सगळं घडल्याचं ठाऊकसुद्धा नाही.

परवा काकूंचा फोन आला. नव्या नंबरावर पहिला अनोळखी कॉल आला म्हणे. प्लॉट, कर्जत, हप्त्यावर. सिम घेऊन अकरा दिवस झाले होते. दहा आकडी खासगी नंबरावरून असा जाहिरातीचा कॉल करायला बंदी आहे आणि सात दिवसांत तक्रार करता येते, हे मी सांगितलं. त्यांनी १९०९ या तक्रार क्रमांकावर ती केली. तोवर दुसऱ्या घाण्याची वेळ झाली होती.

दिवाळी अंकांत लेखाखाली लेखकाचा मोबाइल नंबर छापायची पद्धत आहे. माझ्याही जुन्या लेखांखाली तो आहे, आणि त्यांतले तीन अंक पीडीएफ होऊन फिरताहेत, हे मला हा लेख लिहिताना कळलं. या लेखाखाली तो छापू नये अशी विनंती संपादकांना केली आणि त्यांनी ती मानली. काही कळवायचं असेल तर अंकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र पाठवा. ते बोलावून देतील.